नव्या मळ्याची ओटी

प्रयागबाईचं डोकं एकदा तापलं की तिला समजवायची शिवथरात कोणाची बिशाद नव्हती. यंदा नदीकाठच्या तुकड्यात तिनं पहिल्यांदाच ऊस लावला. पहिलं कांडं सुनेच्या, रखमाच्या हातचं. आणि ऊस कमरेएवढा होतोय न होतोय तोच पिवळा पडून खुंटला. झालं! "पांढऱ्या पायाची हाय," असं वाडीभर सांगून म्हातारीनं सुनेच्या माहेरी, वरंधला, सांगावा धाडला. रखमाचा भाऊ मुरारी तिला कायमची न्यायला आला. नवरा मुंबईला गिरणीत. आईपुढे तोंड उघडायची त्याचीही छाती नव्हती. रखमानं गाठोडं बांधलं.

नेमके त्याच सकाळी महाडहून शेतकी खात्याचे शरच्चंद्र साहेब ऊस बघायला आले. एक ठोंब उपटून त्यांनी मुळं काचेच्या बशीत धुतली आणि त्यातलं थेंबभर पाणी अंगणात मांडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

प्रयागबाईनं डोळा लावला. "अगो बाय! ही काय वळवळतायत?"

"सूत्रकृमी. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मातीत राहतात, मुळांतला रस शोषतात. पण इथे ऊस पहिल्यांदाच ना? मग हे आले कुठून? उसाच्या जुन्या मळ्यातली माती आणली होती का?"

प्रयागबाईनं सूक्ष्मदर्शकावरचा डोळा काढला. आणली होती की! नवी जमीन म्हणजे घरात आलेली सून. तिची ओटी जुन्या मळ्याच्या मातीनं भरायची, ही तिच्या सासूपासूनची रीत. हळदकुंकू वाहून, पाटी डोक्यावर घेऊन ती स्वतः वाजतगाजत गेली होती, आणि सरीसरीत मूठमूठ माती टाकत फिरली होती.

"सगळेच आणतात, सायेब," गाठोडं काखेत धरून उभी रखमा हळूच म्हणाली. "आमच्यात रीतच हाय तशी."

म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला आपण हाकलायला निघालो, तीच आपल्यावर पांघरूण घालतेय! तिचे डोळे भरून आले.

"सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. इथं मी आणली, सायेब. माझ्या हातानं."

तिनं रखमाच्या काखेतलं गाठोडं ओढून घेतलं, आत नेऊन ठेवलं आणि पदरानं नाक पुसत बाहेर आली.

"मुरारी, जेवून जा रे. एकटाच जा. आन वाटंत कोण विचारील त्याला सांग, पांढऱ्या पायाची सून नाय, सासू हाय."