घोड्यावरच्या पुण्यवानाखाली

मी एक जुनी निळी गाडी आहे. मित्रांनो, गोष्ट जन्मापासून सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण परवा शनिवारी माझी गोष्ट थराथराने सोलली गेली आणि सगळ्यात नवा थर आधी निघाला. म्हणून मीही तशीच सांगते. उलटी.

वरचा थर

माझ्या दारांवर पिवळी अक्षरे होती : 'सोसम्मा ड्रायव्हिंग स्कूल, फक्त स्त्रियांसाठी.' सगळ्या चंगनाशेरी गावाला ती पाठ होती. यंदा सोसम्मांची नजर अधू झाली आणि शाळा बंद झाली. आता माझे काय करायचे, हे त्यांचे थोरले बंधू कुरुविला यांनी ठरवले.

"मूळ रंग शाबूत निघाला तर माझ्या पडवीत ठेवीन. कुठे पोपडा निघाला तर भंगारवाला. रंगवलेली म्हातारी मला दारात नको."

"आणि तुम्ही केसांना लावता ते काय, इच्चाया?" सोसम्मा म्हणाल्या. थोरल्या भावाला त्या इच्चायन म्हणतात.

मला फणसाच्या सावलीत उभे केले. सोसम्मांनी केस वाळवायचा ड्रायर आणला आणि एकेक अक्षर हाताला सोसेल इतके ऊन केले. खालचा गोंद मऊ झाला. मग नखाने कडा उचलून त्या हळूहळू सोलू लागल्या.

"अगं, ओढ ना एकदाची!"

"ओढायला ते अक्षर काय विहिरीतली बादली आहे?"

मागे राहिलेल्या गोंदावर त्यांनी खोबरेल चोळले. "फणसाचा चीक ज्याने जातो, त्याने हाही जातो." मग साबणाचे पाणी, मग मऊ फडके. दार निळेशार निघाले. कुरुविलांनी नाकावर चष्मा ठेवून पोपडा शोधला. सापडला नाही.

त्याखाली

नव्या फोन नंबराखाली जुना नंबर निघाला. तो माझ्या कौतुकाच्या वर्षांतला. मठातल्या अकरा सिस्टर माझ्यावर गाडी शिकल्या. त्यांतली एक ब्रेक दाबण्याआधी प्रार्थना म्हणायची. प्रार्थना लांब होती. माझ्या पुढच्या बंपरला तिची आठवण अजून आहे.

पुढे नव्या गाड्या आल्या आणि मी दोन वर्षे पानगळीखाली उभी राहिले. पण ते वरच्या थरातले. सांगायचे राहून गेले.

आणखी खाली

आता माझी पाठ. तिथे डिकीवर हातभर लांबीचे जाड प्लास्टिकचे गीवर्गीस पुण्यवान चिकटवलेले होते, घोड्यावर बसून सापाला भाला मारणारे. आमच्याकडे संताला पुण्यवान म्हणतात. उन्हाने घोड्याचे डोके उडाले होते. कुरुविलांनी स्वतःच नवे पुण्यवान आणले होते. "जुने काढ, नवे लाव."

"हे राहू द्या, इच्चाया."

"बिनडोक्याच्या घोड्यावर संत बसवून ठेवतेस?"

सोसम्मांनी ड्रायर बंद केला. का, ते त्यांना ठाऊक होते आणि मला. बावीस वर्षांपूर्वी त्या जागी चांदीच्या रंगाची अक्षरे होती : कुरुविला. कुवेतहून रजेवर आले असताना त्यांनी मला विकत घेतले, ती हौसेने चिकटवली, मला बहिणीच्या हवाली केले आणि ते नोकरीवर परत गेले. दोन उन्हाळ्यांनंतर सोसम्मांनी शाळा काढली. बायका विचारू लागल्या, "हे कुरुविला शिकवणार का?" एका गार सकाळी सोसम्मांनी स्वयंपाकघरातली सुरी घेतली आणि अक्षरे तशीच उचकटली. ऊन न करता. सुरी माझ्या पत्र्यापर्यंत गेली. त्याच संध्याकाळी वर पुण्यवान आले. पुण्यवानाला कोण सोलणार?

पुढे कुरुविला कायमचे परतले आणि नाव उन्हाने गळून गेले असेल, असे समजले. तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून आल्यावर ते माझ्या डिकीपुढे क्रूसाची खूण करत. सोसम्मा त्या वेळी फणस मोजत.

तळ

गोंद ऊन झाला. सोसम्मांनी मासेमारीचा नायलॉनचा दोरा, तंगूस, पुण्यवानामागे घातला आणि करवतीसारखा पुढेमागे ओढला. पुण्यवान त्यांच्या हातात आले.

खाली माझा कोवळा निळा रंग होता, कारखान्यातून निघाले तेव्हाचा. मित्रांनो, हा माझा जन्म; तो सगळ्यांत शेवटी आला. अक्षरांखाली तो अधिक गडद राहिला होता, म्हणून नाव स्पष्ट वाचता येत होते. नावाच्या मधोमध बोटभर ओरखडा होता. त्याला गंज मात्र चढला नव्हता.

"हे माझं नाव?"

"हो. आणि ओरखडा माझा. बोलवा भंगारवाल्याला."

कुरुविलांनी वाकून नावावरून बोट फिरवले.

"म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच नावापुढे क्रूसाची खूण करतोय?"

"तरीच तुम्हाला कधी पडसंसुद्धा झालं नाही."

कुरुविला हसता हसता स्टुलावर बसले. मग त्यांनी नवे पुण्यवान बहिणीच्या हातात दिले. "यांना आत, काचेपाशी बसव. आणि त्या ओरखड्यावर रंग टाक. गंजेल."

"रंगवलेली म्हातारी चालेल?"

"थेंबभर चालेल."

मित्रांनो, अंगाला चिकटलेले काही काढायचे असेल, तर आधी ऊब द्या, मग सोला. सुरी घरातच ठेवा. आणि ओरखडा पडलाच, तर त्याच दिवशी सांगून टाका. तो झाकायला संतांना राबवू नका.

काल रविवार होता. कुरुविला चर्चमधून थेट पडवीत आले. सवयीने त्यांचा हात कपाळाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली येऊन माझ्या पाठीवर दोनदा थोपटून गेला.