डोंगरामागचे आठ दिवे

वडील गेल्यावर दीड महिन्याने धाकट्या भावाने मागच्या खोलीचा विषय काढला. त्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत एकच टेबल होतं आणि टेबलावर बाबांची रेल्वे.

"ताई, सरळच सांगतो," तो म्हणाला. "पोरीला अभ्यासाला खोली हवी आहे. इंजिनं, डबे सुटे विकले तर घेणारे पुष्कळ आहेत. सगळं एकत्र कोण घेणार? हत्ती दारात बांधण्यातला प्रकार आहे हा."

"बाबांचं रेल्वे-मंडळ घेईल."

"मंडळ म्हणजे ते सात म्हातारे?"

"सहा," मी म्हणाले. "आता सहा."

त्याला ते पटलं नव्हतं. मला मात्र दुसरा मार्ग नव्हता. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात बाबा माझा हात धरून म्हणाले होते, "मोडू नकोस. जशी आहे तशी दे." मी हो म्हटलं होतं. ते त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं सरळ वाक्य. त्यानंतरचं बोलणं औषधांचं होतं.

बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. घरी आले की तेच हात बोटभर उंचीची घरं, काड्यांचा पूल, स्पंज रंगवून केलेली झाडं घडवायचे. टेबलाच्या मधोमध जाळी आणि प्लॅस्टरचा डोंगर होता, त्यातून बोगदा. मी चौदा वर्षांची असताना या रेल्वेचं नियंत्रण पॅनेल बनवलं. प्लायवूडची फळी, आठ बटणं, प्रत्येक बटणाशेजारी एक लाल दिवा, आणि खाली तारांचा जुडगा. आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेऊन मी तो दर चार बोटांवर बांधला होता. तीन आठवडे लागले. पहिली गाडी निघाली तेव्हा बाबांनी टोपी काढून मला सलाम केला आणि त्या दिवसापासून मंडळात माझं नाव 'मास्तर' पडलं.

खोलीचे नियम दोन. एकट्याने गाडी चालवायची नाही. मास्तर पॅनेलवर आणि गार्ड डोंगरामागे, दोघं हवेतच. गार्ड म्हणजे बाबा. ते डोंगरापलीकडे स्टुलावर बसून बोगद्यावर लक्ष ठेवायचे. दुसरा नियम: टेबलाखाली मी जायचं नाही. "खाली खिळे आहेत. डोकं फुटेल. ते काम माझं."

मी वही ठेवायची. तारीख, फेऱ्या, दोष, शेरा, सही. सही बाबांची. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेले तरी रविवारी यायचे, गाडी चालवायचे, नोंद करायचे. एकतीस वर्षांत वह्या झाल्या चार. सोळाव्या वर्षीची एक नोंद मला पाठ आहे: 'बटण दाबल्यापासून गाडी हलेपर्यंत सुमारे अर्धा सेकंद विलंब. कारण: जुना रिले.' रिले म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारं बटण. बाबांनी खाली ते बसवलेत असं ते सांगायचे. पुढे हा विलंब वाढत गेला. चाळिशीत मी तो पाऊण सेकंद मोजला, गेल्या वर्षी एक पूर्णांक चार. "बाबा, रिले बदलूया," मी दरवेळी म्हणायचे. "जुनी माणसं सावकाशच उठतात," ते म्हणायचे आणि सही करायचे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नऊ वर्षांपूर्वी मी कारखान्यात उपकरणं बनवण्याच्या विभागात होते. नमुने भाजण्याच्या दोन भट्ट्यांचं नियंत्रण मी बनवलं. महिनाभराने कळलं की एक भट्टी सुरू झाली की दुसरीचं तापमान खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं, म्हणून ती आणखी तापत राहते. अडीचशे नमुने जळाले, आणि दार उघडताना एका मदतनीस बाईंचा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत बोट माझ्या जोडणीवर ठेवलं गेलं: दोन्ही भट्ट्यांची परतीची तार, म्हणजे वीज परत जाण्याची वाट, मी एकच ठेवली होती. मी ठामपणे म्हणाले, "हीच जोडणी माझ्या घरी बावीस वर्षं चालते आहे. एकही दोष नाही. वही दाखवते." आणि खरंच दुसऱ्या दिवशी वह्या घेऊन गेले. समितीतल्या एकाने पानं उलटली, हसू दाबलं आणि वही हलकेच माझ्याकडे सरकवली.

त्या संध्याकाळी मी बाबांकडे गेले. ते छोट्या घरांची कौलं रंगवत होते. सगळं ऐकून घेतलं. कुंचला धुतला. म्हणाले, "तुझी जोडणी बरोबरच असणार. त्यांनी वापरताना काही चूक केली असेल." माझी बदली तपासणी विभागात झाली. तेव्हापासून मी दुसऱ्यांची उपकरणं तपासते, स्वतः काही बनवत नाही. नऊ वर्षं मी मनातल्या मनात त्या समितीशी भांडत होते, आणि माझ्या बाजूने एकच साक्षीदार होता.

मंडळाने रेल्वे घ्यायचं मान्य केलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा हॉल आहे. माझी अट एकच: अख्खी न्यायची, पॅनेलसकट, चालू स्थितीत. त्यांना तर आनंदच झाला. पितळी पाटीही करायला टाकली: 'नियंत्रण: कन्येने वयाच्या चौदाव्या वर्षी घडवलेले.'

ट्रक रविवारी यायचा होता. शनिवारी सकाळी घड्याळकाका मदतीला आले. बाबांचे सगळ्यात जुने मित्र, घड्याळदुरुस्तीचं दुकान, भिंग कायम कपाळावर चढवलेलं.

"काय मास्तर, गाडी वेळेवर?"

"तुम्हीच उशिरा आलात, काका."

"घड्याळवाला उशिरा येत नाही. बाकीचे लवकर येतात." त्यांनी चप्पल काढली आणि थेट टेबलाखाली वाकले. "तू वरची झाडं काढ. खालचं मी बघतो."

"तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे, कुरकुर तुझी! झाडं काढ म्हटलं ना."

"आधी चाचणी," मी म्हणाले. उपकरण हलवण्याआधी आणि हलवल्यानंतर मोजणी घ्यायची असते, म्हणजे वाटेत काय बिघडलं ते कळतं. "नोंद करून मग सोडवू."

काका ताठ झाले. "मग मी गार्डच्या जागेवर बसतो."

"नको. इथे माझ्याजवळ थांबा. विलंब मोजायचाय, हे धरा." मी त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं.

त्यांनी ते उलटसुलट केलं, कानाशी नेलं. "हे सुरू कसं करतात गं?"

पन्नास वर्षं घड्याळं उघडणारा माणूस मला हे विचारत होता. मी हसले. वाटलं, बाबांच्या आठवणीने गोंधळले असतील.

तीन नंबरचं बटण दाबलं. पॅनेलवर लाल दिवा लागला. फलाटावरची गाडी जागची हलली नाही. पुन्हा दाबलं. चार नंबर दाबलं. दिवे लागले, गाड्या उभ्या.

"फ्यूज गेला असेल," मी म्हणाले आणि टॉर्च घेतला.

"मास्तर, राहू दे. मी बघतो. अगं, साडी... कपडे खराब होतील..." मी सलवार-कुडत्यात होते. ते बोलत असतानाच मी खाली शिरले.

खाली खिळे नव्हते. सगळं घासून गुळगुळीत केलेलं होतं.

माझा जुडगा लगेच सापडला. लाल दोरा विटून गुलाबी झालेला. तारा रुळांकडे जायला हव्या होत्या. त्या डोंगराकडे गेल्या होत्या. मी सरपटत त्यांच्या मागोमाग गेले आणि पलीकडे बाबांच्या स्टुलाजवळ बाहेर आले. तिथे, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, लाकडी पट्टीवर आठ छोटे दिवे होते. खाली नकाशातल्या वळणदार अक्षरात एक ते आठ आकडे. तीन आणि चार पेटलेले होते. पट्टीशेजारी आठ पितळी खटके, बोटांनी झिजून चकचकीत झालेले. त्यांच्यापासून जाड काळ्या तारा रुळांकडे गेल्या होत्या, प्रत्येक मार्गाला वेगळी परतीची तार. काम अतिशय नेटकं होतं.

रिले कुठेच नव्हता.

मी बनवलेली परतीची एकच बारीक तार कापून, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. चिकटपट्टीवर तारीख. बाबा प्रत्येक गोष्टीवर तारीख घालायचे. पॅनेल पूर्ण झाल्यानंतरचा अकरावा दिवस.

मी तीन नंबरचा खटका ओढला. डोंगरापलीकडे गाडी लगेच निघाली. विलंब शून्य.

"काका," मी तिथूनच म्हणाले, "किती जणांना माहीत होतं?"

ते टेबलाला वळसा घालून आले. भिंग कपाळावरून काढून खिशात ठेवलं. "तू शाळेत होतीस. त्याने एक गाडी सुरू केली तर दुसरी उधळली. त्याचं ते हिरवं इंजिन पुलावरून खाली फरशीवर. तसलं पुन्हा कुठे मिळायला!"

"बाबा मला म्हणाले, त्यांचा धक्का लागून पडलं."

"तीन आठवडे खपली होतीस पोरी तू. तुझं मन मोडवेना त्याला."

"मी विचारलं, किती जणांना?"

"मंडळात म्हणशील तर... सगळ्यांनाच."

"मंडळातल्या त्या दाताच्या डॉक्टरांनाही?"

"हे दिवे त्यांनीच आणून दिले," काका खाली बघून म्हणाले.

'मास्तर, चार नंबर सोडा!' 'मास्तर, तुमच्या परवानगीशिवाय पान हलत नाही!' एकतीस वर्षं सहा-सात मोठी माणसं या टेबलाभोवती उभी राहून हे म्हणायची. त्यांचं हसू मी कौतुकाचं समजत आले होते.

"चौदाव्या वर्षी ठीक आहे," मी म्हणाले. "पंधराव्या वर्षी सांगायचं. विसाव्या वर्षी सांगायचं. काका, भट्ट्यांच्या वेळी तरी सांगायचं होतं. मी त्या वह्या घेऊन समितीसमोर बसले होते."

"तो आला होता दुकानात त्या वेळी. 'सांगू का?' म्हणाला."

"मग?"

काकांनी खिशातलं भिंग काढून सदऱ्याला पुसलं. "मी म्हटलं, आता सांगून काय उपयोग. आधीच ती खचलीय. मीच नको म्हटलं."

त्यानंतरच्या रविवारच्या पानावर सही होती. मी वही उघडून पाहिली. दोष: नाही. शेरा: उत्तम. सही.

भाऊ चहा घेऊन आला. मला स्टुलावर बसलेली पाहून दारातच थबकला.

"तुलाही?" मी विचारलं.

"लहानपणी एकदा वाकून पाहिलं होतं. बाबा म्हणाले, ताईला सांगितलंस तर शिट्टी वाजवायला देणार नाही." त्याने कप खाली ठेवले. "मला वाटलं, पुढे तुझं तुलाच कळलं असेल. एवढी शिकलेली तू!"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं. माझ्यासमोर सोळाव्या वर्षापासून मोजलेला विलंब होता: अर्धा सेकंद, पाऊण, एक पूर्णांक चार. म्हाताऱ्या होत जाणाऱ्या बोटांची इतकी स्वच्छ नोंद कोणी ठेवली नसेल. आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात कारण लिहिलेलं होतं: जुना रिले.

'मोडू नकोस. जशी आहे तशी दे.' मोडली असती तर मी खाली गेले असते. इतकी साधी गोष्ट होती ती.

"मग आता?" भाऊ जरा आशेने म्हणाला. "सुटं विकायचं का?"

"नाही. शब्द दिलाय. जशी आहे तशीच जाईल." मी पेचकस उचलला. "फक्त पॅनेल जाणार नाही. ते या रेल्वेत कधी नव्हतंच."

"अगं, पाटी तयार झालीय," काका म्हणाले. "तुझं कौतुक कोरलंय त्यावर. निदान वह्या तरी दे, काचेच्या पेटीत ठेवू."

"वह्या देते."

प्रयोगशाळेत चुकीची नोंद फाडत नाहीत, खोडरबरही लावत नाहीत. तिच्यावर एक सरळ रेघ मारतात, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख व सही. मी पट्टी घेऊन बसले. चारही वह्या पूर्ण करायला जेवणाची वेळ टळून गेली. प्रत्येक पानावर एक तिरपी रेघ, 'ग्राह्य नाही', आजची तारीख, माझी सही. बाबांची सही कुठेही झाकली नाही. काका समोर बसून होते. दोनदा म्हणाले, "पुरे गं." भट्ट्यांच्या वेळच्या पानाला ते उठून खिडकीशी गेले.

मग मी म्हणाले, "काका, आता गार्डच्या जागेवर बसा आणि गाडी सुरू करा."

"कशाला?"

"चालू स्थितीत द्यायचं ठरलंय. चालते का बघू."

ते बसले. गाडी निघाली. मी पॅनेलची आठही बटणं दाबली, म्हणजे डोंगरामागे आठही दिवे लागले असणार. चार स्क्रू काढले, फळी उलटी केली आणि लाल दोऱ्याच्या पहिल्या गाठीपाशी तारा एकेक करून कापू लागले.

"एक गेला," डोंगरामागून आवाज आला. मी विचारलं नव्हतं. "दोन गेला."

गाडी पुलावर आली, बोगद्यात शिरली, बाहेर आली.

"पाच. सहा."

वळणावर ती अडखळलीही नाही. फलाटावरची बोटभर माणसं जिथल्या तिथे उभी होती.

"आठ गेला," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, सवयीने, "गाडी थांबवू का, मास्तर?"

मी पॅनेल काखेत घेतलं.

"मला कशाला विचारता, काका?"