तपासलेलं नाही

निहारने जान्हवीच्या कुर्त्याला छोटा माईक अडकवला, दोन पावलं मागे सरकला आणि मोबाइलच्या स्टँडमागून म्हणाला, "हां वहिनी, चालू कर. तुझं वाक्य."

जान्हवीने घसा खाकरला. मांडीवरची उशी उचलून बाजूला ठेवली, मग पुन्हा मांडीवर घेतली.

"पंख्याचा आवाज येत असेल रे."

"पंखा बंद आहे, वहिनी."

तिने वर पाहिलं. पंखा खरंच बंद होता, आणि तिच्या पाठीवरून घामाची धार उतरत होती. रविवारची दुपार. तिचा नवरा हर्षद मैदानावर क्रिकेट खेळायला गेलेला. स्वयंपाकघरात सासूबाई नारळ खवत बसलेल्या, त्या खवणीचा खर्रर्र खर्रर्र आवाज तेवढा येत होता. निहार या आवाजाबद्दल एक अक्षर बोलला नाही. मावशीच्या खवणीला बंद हो म्हणणारा अजून भांडुपात जन्मायचा होता.

निहार म्हणजे हर्षदचा मावसभाऊ. आधी तो मालाडच्या एका गॉसिप चॅनलमध्ये होता. कोणत्या नटीने कुणाला फोनवरून काढून टाकलं, कुणाची बायको एअरपोर्टवर एकटीच दिसली, असल्या बातम्या शिजवायचं काम. तिथून बाहेर पडून त्याने स्वतःचं चॅनल काढलं तेव्हा तो पहिल्यांदा या सोफ्यासमोर स्टँड लावून उभा राहिला. त्या वेळी एका क्रिकेटपटूने बॅट फेकली होती आणि सीमारेषेजवळ बसून तो रडला होता. तासाभरात त्याला चार आजार झाले, तेही ज्यांनी आयुष्यात थर्मामीटर हातात धरला नाही अशा लोकांकडून. निहारने विचारलं, वहिनी, तू सायकियाट्रिस्ट आहेस, तुला काय वाटतं? आणि जान्हवी म्हणाली होती, "मी त्यांना तपासलेलं नाही. न तपासलेल्या माणसाबद्दल मी बोलत नाही."

बस, एवढंच. पण लोकांना ते भारी आवडलं. पुढे एका मंत्र्याची जीभ भाषणात अडखळली, मग एक गायिका फार वाळलेली दिसली. दोन्ही वेळा निहार आला, दोन्ही वेळा जान्हवीने तेच वाक्य तस्संच म्हटलं. आता त्याचे व्हॉट्सॅपवर स्टिकर फिरत होते. तिच्या दवाखान्याखालचा फरसाणवालासुद्धा, भाव विचारला की, "तपासल्याशिवाय बोलत नाही, मॅडम," म्हणायचा.

आणि आता प्रांजल.

रोज रात्री आठच्या मालिकेत घराघरांत दिसणारी प्रांजल. दहीहंडीला घाटकोपरच्या एका मंडळाने तिला स्टेजवर बोलावलं होतं. डीजे धडधडत होता, खाली गोविंदा थर लावत होते. निवेदकाने माईक पुढे केला. प्रांजलने तो घेतला, खाली ठेवला, दोन्ही कानांवर हात दाबले आणि ट्रॉफ्यांच्या टेबलाखाली जाऊन बसली. टेबलाला लावलेली झेंडूची माळ तिच्या खांद्यावर पडली, एवढंही क्लिपमध्ये स्पष्ट दिसत होतं. संध्याकाळपर्यंत निकाल लागले. दारू. ड्रग्ज. बायपोलर. अंगात आलं. दिवस गेलेत. नाटक आहे, नवी मालिका येतेय. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यावरून लोक एकमेकांचे गळे धरत होते, आणि जिच्या नावाने हे चाललं होतं ती तिच्या घरात दिवे बंद करून बसली होती.

हे जान्हवीला माहीत होतं. कारण प्रांजलला तिने तपासलेलं होतं.

मे महिन्यापासून दर बुधवारी दुपारी, कंपाउंडर जेवायला गेला की प्रांजल यायची. तोंडाला स्कूटरवाल्या पोरी बांधतात तसा स्कार्फ, वर गॉगल. गोरेगावहून आरेतून रिक्षाने. अंधेरीतल्या डॉक्टरांकडे निम्मी इंडस्ट्री बसलेली असते, फरसाणच्या दुकानावरच्या दवाखान्यात प्रांजलला शोधायला कोण येणार? पहिल्या दिवशी खुर्चीत बसताना ती म्हणाली होती, "तुमचा व्हिडिओ पाहून आले. तपासल्याशिवाय बोलत नाही म्हणालात. म्हटलं, निदान ही तपासेल तरी."

हंडीच्या संध्याकाळी तिचा मेसेज आला. 'डॉक्टर, तुम्ही काही बोलणार नाही ना?'

जान्हवीने लिहिलं, 'नाही.'

आणि आता हा मुलगा तिचं तेच पुण्यवान वाक्य मागत होता.

"वहिनी, रोल चालूय."

जान्हवी कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली, "कुठल्याही व्यक्तीच्या एका क्लिपवरून तिच्या मनाचं निदान करणं चुकीचं आहे. डॉक्टरनेही करू नये, आणि..."

"कट. छान आहे. पण वाक्य?"

"हेच तर ते."

"हे भाषण झालं. माझा प्लॅन ऐक. आधी क्रिकेटर, तू म्हणतेस तपासलेलं नाही. मग मंत्री, तपासलेलं नाही. गायिका, तपासलेलं नाही. शेवटी प्रांजल. चौथ्यांदा तेच. लोकांच्या थोबाडीत बसेल. मी यावेळी मसाला करतच नाहीये, तुझ्याच बाजूचा व्हिडिओ करतोय ना."

तो खरंच तिच्या बाजूचा होता, हीच तर अडचण. लबाड असता तर तिने त्याला केव्हाच दाराबाहेर काढला असता.

दुसरा टेक. "मी कुणाबद्दलच बोलत नाही. तपासलेलं असो वा नसो."

निहारने मान वाकडी केली. "वहिनी, हे नको. 'तपासलेलं असो' म्हटलंस की खाली कमेंट येणार, मॅडमला काहीतरी माहितीये. आत्ताच सांगतो."

ते तिलाही कळत होतं. मुळात तिचं वाक्यच पहिल्या दिवसापासून चुकलेलं होतं. डॉक्टरने म्हणायचं असतं, मी रुग्ण असलेल्यांबद्दल बोलत नाही आणि नसलेल्यांबद्दलही बोलत नाही. कोण कशात मोडतं, तेही सांगत नाही. त्याऐवजी तिने टाळ्या मिळणारं वाक्य उचललं. ते तीन वेळा खरं होतं म्हणून गोड लागलं. आता ते उच्चारलं तर खोटं, आणि ते उद्या गोरेगावच्या त्या अंधाऱ्या खोलीत प्रांजल ऐकणार. आपली डॉक्टर डोळ्याची पापणी न हलवता खोटं बोलू शकते, हे एकदा कळलं की त्या खुर्चीत बसून ती कशावर विश्वास ठेवणार? आणि नाही उच्चारलं, तर न उच्चारणंच सगळं सांगून टाकणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तिसऱ्या टेकला तिला खोकला आला. चौथ्याला तिने "मी त्यांना" एवढं म्हटलं आणि पाणी मागितलं.

निहार पाणी आणायला उठला नाही. त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. तो मूर्ख नव्हता, आणि गॉसिप चॅनलमध्ये फुकट बसला नव्हता.

"वहिनी," तो हळू म्हणाला, "तीन वेळा तू हे झोपेत म्हटलंस. आज का जमेना?"

"डोकं दुखतंय रे."

"डोकं दुखतंय म्हणून चार शब्द म्हणता येत नाहीत?"

जान्हवीने उशीची झालर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. पेशंटने असं केलं असतं तर तिने लगेच टिपलं असतं. निहारनेही टिपलं. त्याची नजर झालरीवरून तिच्या चेहऱ्यावर आली आणि तिथेच थांबली.

"तू तिला..."

खवणीचा आवाज थांबला.

"रे निहार," जान्हवीची सासू सुगंधा दारात उभी होती, हाताला ओलं खोबरं, पदर कमरेला खोचलेला. "तो माईक हय आण."

"मावशी, एक मिनिट..."

"एक मिनिट, एक मिनिट करून दोन तास झाले. माका जेवूक वाढूचा आसा. त्या बिचारीचा डोक्या दुखता, तर कशाक छळतंस? माका विचार."

"तुला काय विचारू?"

"ताच. त्या पोरीक काय झाला ता."

निहार हसला. मावशीला विचारायचं म्हणजे गंमतच होती. सुगंधा ही बिल्डिंगची बिनपदवीची सिव्हिल सर्जन. जिना चढताना कुणी थांबला की त्याचं हृदय गेलं, कुणाचे डोळे पिवळट दिसले की कावीळ, आणि नवी सून दोन दिवस आंबट खाताना दिसली की बारशाच्या तयारीला लागायचं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिचा नवरा जयवंत मिलमधून घरी येऊन रोज म्हणायचा. तो गेला, पण तीळ काही भिजला नाही. डॉक्टर सुनेला तिने एकदा तोंडावर सांगितलं होतं, "तू तपासून सांगतंस, मिया बघून सांगतंय. फरक फीचो."

आता ही कॅमेऱ्यासमोर काय बरळेल, या भीतीने जान्हवी अर्धी उठलीसुद्धा. पण निहारने माईक काढून सुगंधाच्या पदराला लावला होता. ती सोफ्यावर बसली, पदर काढून नीट खांद्यावर घेतला, आणि कॅमेऱ्याकडे अशी पाहू लागली जशी ती आठ वाजता टीव्हीकडे पाहते.

"बोल मावशी. प्रांजल तुझी फेव्हरेट. तिला काय झालंय?"

सुगंधाने हातावरचं खोबरं पुसलं.

"मिया आजपर्यंत सगळ्यांका रोग दिलंय," ती म्हणाली. "समोरच्या बिल्डिंगीतल्या एका माणसाक टीबी दिलंय. तो अजून रोज सकाळी धावता. तळमजल्यावरच्या बाईक दिवस गेले म्हणान सांगलंय, तिका अॅसिडिटी होती. ती माझ्याशी बोलणा नाय अजून. माझा चुकला."

निहारने मोबाइल जरा जवळ सरकवला.

"ह्या पोरीचा, ह्या चेडवाचा माका काय्येक ठावक नाय. मिया तिका तपासूक नाय." तिने कॅमेऱ्याकडे बोट केलं. "आणि तुम्ही पण नाय. गप ऱ्हवा."

निहारने रेकॉर्डिंग थांबवलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, झकास! क्रिकेटर, मंत्री, गायिका आणि मग तू. वहिनीपेक्षा भारी!" त्याचा मघाचा प्रश्न कुठल्या कुठे गेला होता. किंवा त्याने तो जाऊ दिला होता. जेवताना त्याने जान्हवीकडे एकदा पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग म्हणाला, "सोलकढी वाढ ना जरा."

व्हिडिओ सोमवारी संध्याकाळी आला. मंगळवारपर्यंत 'तुम्ही पण नाय, गप ऱ्हवा' हे जान्हवीच्या वाक्याच्या पुढे निघून गेलं. खाली लोक भांडायचे थांबले असं नाही, पण पुष्कळसे हसून पुढे गेले. मंगळवारी दुपारी प्रांजलचा मेसेज आला. 'उद्या येते. त्या आजी तुमच्या कोण?'

जान्हवीने बराच वेळ विचार करून लिहिलं, 'ये.'

दोन दिवस तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तरी आत काहीतरी ठुसठुसत होतं. कारण सुगंधाने असं का केलं, हे तिला उमगेना. सहज, बोलायची हौस म्हणून? मग हंडीच्या दिवसापासून प्रांजलबद्दल सासूबाई घरात एक शब्दही बोलल्या नव्हत्या, ते कसं? सगळी बिल्डिंग बोलत होती, ही नाही. क्लिप फिरली त्या संध्याकाळी तिने टीव्ही बंद करून देवापुढे वात लावली होती. आपलंच गुपित सांभाळण्याच्या नादात जान्हवीला तो दुसरा गप्पपणा ऐकूच आला नव्हता.

बुधवारी सकाळी ती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा स्वयंपाकघरात बिडाचा तवा तापला होता. सुगंधा घावणे काढत होती. ताटलीत चांगली चळत झाली होती.

"एवढे कशाला, आई? मी दोनच खाते."

"ऱ्हवांदे."

रोज दुपारी ही स्वतः डबा घेऊन दवाखान्यात यायची. कंपाउंडर नसायचा, म्हणून बुधवारी आतलं माणूस बाहेर पडेपर्यंत तिला बाहेरच्या बाकावर थांबावं लागायचं. कधी तिच्या शेजारी आणखी कुणी थांबलेलं असायचं. तोंडाला स्कार्फ बांधलेलं. पण भूक लागली आणि कुणी पुढ्यात डबा उघडला, तर स्कार्फ खाली घ्यावाच लागतो.

जान्हवी ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या केसांतून पाणी टपकत होतं.

"आई, तुम्हाला कधीपासून..." ती म्हणाली, आणि थांबली. प्रश्न पूर्ण विचारणं म्हणजे उत्तर देणंच होतं.

सुगंधाने घावणा उलटला.

"तू माका काय्येक सांगूक नाय," ती तव्याकडे बघतच म्हणाली, "आणि मिया तुका काय्येक विचारूक नाय. समाजला?"

"हो."

"मग झाला."

तिने घावण्यांची चळत मोठ्या डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं, आणि शेजारी नारळाच्या गोड रसाची बरणी ठेवली.

"आज डबो तूच घेवन जा. माझो गुडघो दुखता," ती म्हणाली. तिचा गुडघा दुखत नव्हता. बिल्डिंगभर तिला आता लोक थांबवून विचारत होते, आणि बुधवारी त्या बाकावर बसलेली तिला कुणी पाहायला नको होतं. "रस सांडू नको वाटेत. त्या चेड... तुका आवाडता ना गोड."

"आवडतं," जान्हवी म्हणाली, आणि गोड न खाणारी ती, बरणी जपून पिशवीत उभी ठेवू लागली.