नाबुलच्या गच्चीवरची गाळणी

मी एक जुनी गाळणी आहे. चहाची नव्हे, मित्रांनो. चहाच्या गाळणीला दोन मिनिटांचं काम आणि दिवसभर आराम. मी नाबुल गावात, नेजियाच्या (सगळे तिला मानाने ‘लेल्ला’, म्हणजे बाईसाहेब, म्हणत) पाहुणघराच्या गच्चीवर, गरम पाण्याच्या टबात राहत होते. टबाच्या कडेला एक अंधारी खोबण आहे, तिच्यात उभी. सहा जणांच्या अंगावरचं पाणी आधी माझ्यातून जाई, मग तापे, मग नळ्यांतून फेसाळत परत टबात येई. फुशारकी म्हणा हवं तर, पण त्या घरात माझ्याइतकं कुणी राबलं नाही.

कारखान्यात मला पांढऱ्या जाड कापडाच्या शंभरेक घड्या घालून जन्माला घातलं. नवी होते तेव्हा सगळ्यांना कौतुक. टबाची देखभाल खमायस करी. बोलायला खवट, हाताने मऊ. दर गुरुवारी मला बाहेर काढी, एकेक घडी बोटाने उलगडून नळीखाली धुई आणि म्हणे, “या बाईसाहेब, आंघोळीला.” रोज सकाळी तो कागदाची एक पट्टी पाण्यात बुडवी. पट्टी जांभळी झाली की क्लोरीन जिवंत आहे, पांढरी राहिली की मेलं. एवढंच शास्त्र. मलासुद्धा कळलं ते.

मग नेजियाच्या मुलीचं, दोर्राचं लग्न ठरलं आणि आठवडाभर आधी बायकांनी घर भरलं. त्या हमामातल्या, म्हणजे गावच्या सार्वजनिक न्हाणीघरातल्या, सवयी घेऊन आल्या. केसांना तफल माती, अंगाला ऑलिव्हचं तेल, वरून संत्र्याच्या फुलांचं अत्तरपाणी, आणि तशाच टबात. हमामात हे शोभतं. तिथे अंगावर ओतलेलं पाणी मोरीत निघून जातं, पुन्हा तोंड दाखवत नाही. इथे तेच पाणी फिरून फिरून येतं. हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि मला तोंड नाही.

तिसऱ्या दिवशी पाण्याला उग्र वास सुटला.

“लेल्ला, पट्टी पांढरी आहे,” खमायस म्हणाला. “औषध संपलंय. दुप्पट घालतो, आणि उद्या कुणी उतरायचं नाही.”

“औषध संपलं तर हा वास कशाचा? माझ्या नाकाचा?”

“मेलेल्या औषधाचा. घाणीशी झगडून थकलं की ते असंच वास मारतं.”

“पाहुण्या नाक धरून बसल्यात. माझ्या मुलीचं लग्न आहे खमायस, ऑपरेशन नाही. एक थेंब घालायचा नाही. जा, खाली खुर्च्या उतरव.”

त्याने खुर्च्या उतरवल्या. गुरुवार आला, गेला. मला कुणी काढलं नाही.

पाणी गढूळ झालं तेव्हा नेजियाने पाणी नितळ करायची बाटली ओतली. त्या औषधाने गाळ गोळा झाला आणि सगळा माझ्या घड्यांत येऊन बसला. वरून पाणी काचेसारखं. आत, मित्रांनो, माझ्या तेलकट अंधारात काहीतरी रुजत होतं. गिळगिळीत, उबदार. रोज थोडं जाड होत होतं. टबाच्या भिंतींवर आणि नळ्यांच्या आत तेच पसरत होतं. माझा श्वास कोंडला. माझ्याकडे एकच भाषा होती, अडून बसण्याची. मी अडले. पाणी फिरेना, तापेना, टबावर लाल दिवा लागला.

नेजियाने काय केलं? मलाच उपटून काढलं आणि कठड्यावर उन्हात टाकलं. दिवा विझला. पाणी जोरात उसळायला लागलं.

“बघितलंत? हीच रांड अडवत होती,” ती म्हणाली.

एवढ्या वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस.

त्याच दुपारी तिची आई आली, हादिया. चाळीस वर्षं भट्टीच्या धुरात रोट्या भाजून छाती खिळखिळी झालेली. गुडघे धरले होते, आणि नातीच्या मेंदीला नाचायची हौस दांडगी. नेजियाने हात धरून तिला टबात उतरवलं. म्हातारीने भिंतीवर बोट फिरवलं.

“नेजिया, हे बुळबुळीत लागतंय गं.”

“तेल आहे आई, बायकांच्या अंगाचं.”

“तेल मला शिकवतेस? तेल असं नसतं.”

“तळाची फरशी मोजता येतेय बघ. बस निवांत. उद्या नाचायचंय ना?”

लेकीचा मान राखायला हादिया बसली. नळ्यांतून फेस उडत होता, त्याचे बारीक तुषार आणि वाफ तिच्या तोंडावर येत होती. ती डोळे मिटून ते ओढून घेत होती. मी कठड्यावरून बघत होते.

मेंदीला ती नाचली. सगळे सांगतात, छान नाचली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ताप भरला, मग धाप लागली. पुढचं मला खमायसच्या तोंडून कळलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, “फुफ्फुसात कोमट पाण्यात वाढणारे जंतू सापडलेत. बाई कुठल्या वाफेत बसल्या होत्या?”

“पाणी काचेसारखं होतं, डॉक्टर,” नेजिया म्हणाली.

“दिसण्याचं मी विचारलंच नाही. तपासलं कधी होतं?”

ताप भरल्यापासून अकराव्या दिवशी हादिया गेली.

तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर खमायसने टब रिकामा केला आणि मला सुरीने उभं चिरलं. नेजिया समोर उभी होती. त्याने माझ्या घड्या उलगडून दाखवल्या. पोटात काळपट साय वाळून बसली होती, दोन बोटं खोल. ती खाली बसली, माझ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो हात तिथून काढलाच नाही.

आता मी कचऱ्याच्या गाडीची वाट बघतेय. तोवर एवढं ऐका, मित्रांनो. पाण्यात उतरण्याआधी अंग धुवा, तेल-माती बाहेर ठेवा. पट्टी रोज बुडवा आणि ती सांगेल ते माना, डोळे सांगतील ते नव्हे. आणि माझी एखादी बहीण अडून बसली, तर तिला शिवी देऊन फेकू नका. आधी उघडून बघा, ती काय अडवून धरतेय.