साखरपाण्याची चूळ

"थूक दिया तो चलेगा ना, दाई?" नरहरीने विचारलं, आणि रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्या ओसरीवर जेवत बसलेल्या सगळ्या बायकांचे हात कारल्यावरच थांबले.

प्रश्न तसा पंगतीत विचारण्यासारखा नव्हता. पण नरहरीची सारी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली होती, आणि योग्य वेळेची वाट पाहत बसलं की केळी सडतात, एवढं एकच तत्त्वज्ञान घेऊन तो तिथून रिटायर झाला होता.

ही तीजेची आदली संध्याकाळ. उद्या निर्जळी उपास, म्हणून आज छत्तीसगडी बाया घरोघर फिरून कारल्याची भाजी आणि भात खातात. करू भात म्हणतात त्याला; करू म्हणजे कडू. इंदू, म्हणजे नरहरीची बायको, विदर्भातली. तिची ती हरतालिका, आणि माहेरी ती पेरू-केळी खाऊन सुखात पार पडायची. पण तीन वर्षांपूर्वी नरहरीची बायपास झाली आणि इंदूने हरतालिकेतून आधी फळं काढली, मग पाणी. गोंदियाला आई वारल्यापासून माहेर असं उरलं नव्हतं. शेजारच्या कमलादाईने पहिल्याच वर्षी तिचा हात धरून आपल्या पंगतीत बसवलं होतं, "तोर मइके इही हे!" तेव्हापासून इंदूचं माहेर घरापासून चार पावलांवर होतं आणि तिथे कारलं मिळत होतं.

अडचण वेगळीच होती. उद्या सकाळीच तेलीबांधा तलावाभोवती दहा किलोमीटरची दौड होती, आणि इंदू धावणार होती.

इंदू पोस्टात काउंटरवर बसायची. बायपासनंतर डॉक्टरांनी नरहरीला चालायला सांगितलं. हा वाटेत कुठे पडू नये म्हणून ती सोबत निघाली. पण नरहरी असा चालायचा की मागून येणारी गाय त्याला कंटाळून ओलांडून जाई. इंदू पुढे जायची, परत यायची, पुन्हा पुढे जायची. दोन महिन्यांनी पाहिलं तर ती धावत होती. अशा रीतीने, निव्वळ नवऱ्याच्या संथपणामुळे, चोपन्नाव्या वर्षी रायपूरला एक धावपटू मिळाली.

दौडीत ती दोनदा उतरली. दोन्ही वेळा शेवटच्या फेरीत पाय विझले आणि ती रस्त्याच्या कडेला बसली. आता गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, हे वर्ष धावा, मग बास. तिला एकदा, फक्त एकदा, दौड संपते तिथली ती हवेने फुगवलेली कमान ओलांडायची होती.

"उपास सोड मग," नरहरीने आठवडाभर सांगून पाहिलं होतं. "माह्यासाठी करून राहिली ना? मीच माफ करतो तुले."

"तुम्ही कोण माफ करणारे? उपास माहा हाय."

"अन् धावता धावता तुलेच काही झालं तं? मी जास्त वर्षं जगून करू काय, कारले खाऊ?"

मार्ग काढला तो सोनियाने. ही त्यांची मुलगी, जिममध्ये आहारतज्ज्ञ. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर हिंदीत यायचं. "मम्मी, दोनों बार तुम काली चाय पीके दौड़ी थी. टंकी ही ख़ाली थी." मग तिने समजावलं की भातातली साखर स्नायूंत साठून राहते आणि लांबच्या दौडीत तोच साठा कामी येतो, आदल्या दिवशी भरपूर भात खाल्ला तर तो भरतो. "करू भात मतलब कार्ब लोडिंग है, पापा. इन लोगों को पहले से पता है."

"अन् धावताना? तुह्या जिमात डब्बे हायेत ना, पावडरीचे?"

"पाउडर पेट में जाएगा, पापा. कल पेट की छुट्टी है. लेकिन कुल्ला कर सकती है." साखरपाणी तोंडात घ्यायचं, खळखळवायचं, थुंकायचं. जिभेला गोड लागलं की मेंदू समजतो खुराक येतोय, आणि पायांवरचा लगाम जरा सैल सोडतो. यावर प्रयोग झालेत म्हणे. फायदा थोडाच, पण होतो.

घरात यावर पहिला विश्वास बसला तो नरहरीचा. माल आलेला नाही, नुसता निघाल्याचा निरोप आलाय, आणि तेवढ्यावर सगळे हमाल बिड्या विझवून उभे राहिलेत, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. मेंदूही सरकारी नोकरीतच आहे हे त्याला नव्याने कळलं, इतकंच.

प्रश्न उरला धर्माचा. म्हणून तो ओसरीवर उभा होता.

कमलादाईने घास गिळला. पाणी प्यायली. साऱ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या.

"जेन ला लीले नइ, तेन ला खाय कहाँ?" ती म्हणाली. जे गिळलं नाही ते खाल्लं कुठे? आणि निकाल लागल्यासारखं तिने इंदूच्या पानात आणखी भात वाढला. त्या संध्याकाळी इंदू मोहल्ल्यातल्या दिसेल त्या घरी जेवली. शेवटच्या घरून निघताना तिला उंबरा ओलांडायला नरहरीचा हात लागला.

सकाळी, सूर्य उगवून उपास सुरू व्हायच्या आत, सोनियाने तिला पोटभर पाणी पाजलं. मग नरहरी साखरपाण्याची बाटली घेऊन तलावाच्या काठावर, पाणीवाटपाच्या टेबलाशेजारी, ठाण मांडून उभा राहिला.

पहिल्या फेरीला इंदू आली. सलवार-कमीज, छातीवर नंबर. बाटली घेतली, गाल फुगवले, खळखळवलं आणि दुभाजकावरच्या कण्हेरीवर थुंकून पळाली.

मागून येणाऱ्या एका जाड्या गृहस्थाने हे पाहिलं. त्याने नुकताच टेबलावरून ग्लास उचलला होता. त्याने घोट तोंडातच धरला, विचार केला आणि थुंकला. त्याच्या मागचा थुंकला. मग जो येईल तो थुंकू लागला. टेबलावरचा स्वयंसेवक गडबडला. "भैया, पानी ख़राब है क्या?" त्याने स्वतः एक ग्लास तोंडात घेतला, काहीच कळलं नाही, आणि खबरदारी म्हणून तोही थुंकला.

"अंकल, वो दीदी कौन है?"

"माही बायको हाय," नरहरी म्हणाला. आपण छाती पुढे काढली आहे हे त्याला टाक्यांचा जुना व्रण ताणला गेल्यावर कळलं.

फेऱ्या वाढत गेल्या तशी ऊन आणि दमट हवा चढली. शेवटच्या फेरीला इंदू आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. मागच्या दोन्ही वर्षी ती इथेच बसली होती. ती थांबली. बाटली तोंडाला लावली. गाल फुगले, आणि तसेच राहिले.

"गिळ, इंदू," नरहरी हळूच म्हणाला. "गिळून टाक. मी नाही सांगत कोणाले. देवालेबी नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिचा गळा एकदा वर आला. मग तिने मान हलवली, वाकली आणि सगळं त्याच्या चपलेवर थुंकलं. तोंड पुसलं. गेली.

तो ओल्या चपलेने मागे धावला. बायपासनंतर पहिल्यांदाच धावला. शेवटच्या कमानीची हवा आयोजकांनी सोडायला घेतली होती. कमान दमून खाली बसत होती. इंदूने मान वाकवली आणि तिच्या पोटाखालून पार झाली. मागे उरलेल्या दोन पोरी रांगत आल्या.

तिला मेडल मिळालं, केळं मिळालं. केळं तिने पिशवीत टाकलं. "उद्या," म्हणाली.

घरी आल्यावर ती थेट फडताळाकडे गेली आणि त्याच्या गोळ्यांचं पाकीट उघडून पाहिलं. सकाळची गोळी जागच्या जागी होती.

"पाणी नाही पेलात तुम्ही सकाळपासून?"

नरहरी चपलेकडे पाहत राहिला. "तू नव्हती पीत, म्हणून मीबी…"

"म्हणून? तुम्हाले काही झालं तं मी एवढं थुंकली कायले?"

तिने माठातून ग्लास भरला. पाणी तिच्या बोटांवरून ओघळलं; तिने बोटं ओढणीला पुसली. ग्लास पुढे केला, गोळी तळहातावर ठेवली आणि समोरच उभी राहिली.

तो पाणी पिऊ लागला. त्याच्या प्रत्येक घोटाला तिचा गळा हलत होता.