बरणीच्या झाकणांचा तराजू

रविवारी सकाळीच ताईचा फोन आला. "चार वाजता येते. धाकटीची बॅग भरून ठेव. आणि तोवर जरा पोरींजवळ बस. भिंतीकडे बघत बसू नकोस."

मी बरं म्हणालो. गेले चार महिने मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. बायको गेली तेव्हा डॉक्टरांना बरं म्हणालो. ताईने तिचे कपडे, चपला, औषधं, अगदी कंगवासुद्धा दोन दिवसांत घराबाहेर काढला, तेव्हाही बरं म्हणालो. डोळ्यांसमोर नको, पोरींना त्रास होतो, असं तिचं म्हणणं. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "थोरली नऊ वर्षांची आहे, ती राहील तुझ्याजवळ. पाच वर्षांची तुला झेपायची नाही. तिला मी नेते." तेव्हाही तोंडातून तेच बाहेर पडलं. ताई वाईट नाही. आल्या दिवसापासून राबते आहे बिचारी. मला रडू कसं येत नाही, याचं तिला नवल वाटतं. मलाही वाटलं असतं, पण काही वाटण्याचं माझं दुकानच बंद होतं.

पोरींजवळ बसायचं म्हणजे काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. ते थोरलीने ठरवलं. तिने पलंगाखालून पुठ्ठ्याचा मोठा खोका ओढून काढला. तो बायकोचा. बरण्यांची झाकणं, काड्यापेट्या, दोऱ्याची रिकामी रिळं, फाटके मोजे, आइस्क्रीमच्या काड्या. लागेल कधीतरी, म्हणून ती काही म्हणता काही टाकायची नाही. रविवारी खोका निघायचा आणि तिघी मिळून त्यातून खेळणी करायच्या. मी पलीकडे बसून पेपर वाचायचो. ताईच्या साफसफाईतून हा खोका वाचला, कारण पलंगाखाली वाकायला ताईची कंबर तयार नव्हती.

खोका ओढताना पलंगाच्या पायाशी दोघी जरा वेळ रेंगाळल्या, काहीतरी कुजबुजल्या. मी विचारलं नाही.

थोरलीने साबणाच्या खोक्याची मालगाडी करायला घेतली. बाटल्यांच्या बुचांना मी टोच्याने भोकं पाडली, तर चाकं फिरेनात.

"आई दाभण तापवून पाडायची," थोरली म्हणाली.

मी दाभण तापवलं. प्लॅस्टिक जळल्याचा वास घरभर झाला. चाकं फिरली. थोरली हसली आणि हसल्याबद्दल अपराधी वाटल्यासारखी लगेच गप्प झाली.

धाकटी मात्र एक हँगर, दोन झाकणं आणि दोरा घेऊन आतल्या खोलीत गेली होती. "कुणी यायचं नाही," तिने बजावलं. तासाभराने ती बाहेर आली आणि तिने हँगर कपाटाच्या मुठीला अडकवला. त्याच्या दोन टोकांना मुरंब्याच्या बरणीची दोन झाकणं दोऱ्यांनी लोंबत होती. तराजू.

"हा तुमच्यासाठी. मी आत्याकडे गेले ना, तरी इथेच ठेवायचा. कुणाला द्यायचा नाही," ती म्हणाली. "आता तपासा आणि चिठ्ठी लावा."

मी तराजू दुरुस्त करतो. हल्ली बहुतेक दुकानांत आकडे दाखवणारे काटे आले आहेत, पण दुरुस्तीला तेही येतात. तपासून झालं की मी प्रत्येकावर एक हिरवी चिठ्ठी चिकटवतो, तिच्यावर तारीख आणि माझी सही. त्या चिठ्ठ्यांचं पोरींना फार अप्रूप.

मी वाकून बघितलं. डावं पारडं चांगलं दोन बोटं खाली होतं. बावीस वर्षं हेच केलेल्या माणसाचा हात अशा वेळी विचारायला थांबत नाही. कुणी पारड्याखाली मेण लावतो, कुणी नाणं, आणि गिऱ्हाइकाला गंडवतो. मी झाकण उलटं केलं. खाली चांदीच्या कागदाची एक गोळी चिकटपट्टीने डकवलेली होती. मी ती उपटली आणि शेजारच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

"पारड्याखाली काही चिकटवायचं नसतं," मी म्हणालो. "लबाडी असते ती."

दोरा थोडा आत सरकवला, दांडी सरळ झाली. हिरवी चिठ्ठी लावली. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी नीट जमलं होतं. धाकटीने चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरं," ती म्हणाली. अगदी माझ्यासारखं.

थोरली तेव्हा मोरीत हाताचा डिंक धूत होती. आल्यावर तिने कात्रणं गोळा करून पिशवीत भरली आणि नेहमीसारखी खालच्या कचराकुंडीत टाकून आली. आम्ही जेवलो. मी बॅग भरली. तीन फ्रॉक, स्वेटर, दात घासायचा ब्रश. धाकटीने एका शब्दाने हट्ट केला नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली. मी कसा दिसत असेन, ते मला कळलं.

साडेतीनच्या सुमाराला थोरली तराजूपाशी उभी राहिली. तिने झाकण उलटं करून बघितलं.

"बाबा, खाली गोळी होती, ती कुठाय?"

"टाकली. का गं?"

तिचा चेहरा उतरला. "त्यात आईचा चाप होता. केसांचा. पलंगाच्या पायाशी सापडला." मग घाईघाईने, हळू आवाजात, "आत्याने बघितला असता तर तोही नेला असता. धाकटी म्हणाली, बाबा तराजू कधी टाकत नाहीत, त्याच्यात लपवू. आपण दोघी आहोत एकमेकींना, पण बाबांकडे आईचं काहीच नाही."

मी चपला न घालता जिने उतरलो.

कोपऱ्यावरची कुंडी काठोकाठ भरली होती. भर दुपारी, लोक येत-जात असताना, मी कमरेपर्यंत आत वाकून पिशव्या फाडत होतो. कुणाची भाजीची देठं, कुणाचे लंगोट. रस्त्यापलीकडचा न्हावी दारात येऊन उभा राहिला, गिऱ्हाईक तसंच साबण लावून बसलेलं. पाचव्या पिशवीत साबणाच्या खोक्याची कात्रणं दिसली, आणि त्यांच्याखाली ती गोळी.

मी कागद उलगडला. काळा चाप, एक दात तुटलेला. त्यात दोन लांब केस अडकलेले.

मी तिथेच, कुंडीला टेकून फुटपाथवर बसलो.

"अरे! काय चाललंय हे?" ताई येऊन उभी होती, हातात पिशवी. "उठ आधी. लोक बघतायत."

"ताई, धाकटी येणार नाही."

"अरे, कालपर्यंत बरं म्हणत होतास ना? तुला झेपणार आहे का ती?"

"नाही झेपणार," मी म्हणालो. "पण मला ती हवी आहे. घरात, माझ्याजवळ." चार महिन्यांत मला काही हवं झालं नव्हतं, भूकसुद्धा नाही. आता हे एकच हवं होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने बॅगेत भरून ठेवलं होतं.

ताईने माझ्या हातातल्या चापाकडे बघितलं. पिशवी खाली ठेवून तिने मला दंडाला धरून उठवलं.

वर आल्यावर हात धुतले. चाप पुन्हा कागदात गुंडाळला आणि धाकटीला उठवलं. ती डोळे चोळत तराजूपाशी आली. मी गोळी डाव्या झाकणाखाली चिकटवली. झाकण खाली गेलं.

"पण बाबा, लबाडी होते ना?"

"होऊ दे."

"मग चिठ्ठी काढणार?"

सकाळची चिठ्ठी मी नखाने खरवडून काढली. तिचं तोंड रडवेलं झालं. मी कामाच्या पिशवीतून नवी काढली, तारीख घातली. खाली सही केली. मागे ताई बॅगेतून फ्रॉक काढून कपाटात ठेवत होती.

डावं पारडं दोन बोटं खाली होतं. मी चिठ्ठी लावली.