करंगळीच्या मापाची गिटार

मी गिटार बोलतेय. विजेवर चालणारी आहे, त्यामुळे वायर जोडल्याशिवाय माझा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. आत्ता वायर जोडलेली नाही. तेव्हा जरा जवळ बसा. मोठ्यानं बोलायचं त्राणही आता राहिलेलं नाही.

मी कारखान्यात जन्मले नाही. दोन खोल्यांच्या घरातल्या अरुंद बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली माझा जन्म झाला, आणि तो सव्वादोन वर्षं चालला होता.

मला घडवणारा माणूस छापखान्यात बाइंडर. तरुणपणी तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. संसार लागला, ऑर्केस्ट्रा सुटला, पण कामावरून आल्यावर तासभर वाजवणं सुटलं नव्हतं. मग एके दिवशी कागद कापायच्या यंत्राखाली त्याचा डावा हात सापडला. तर्जनी आणि मधलं बोट गेलं. तारा दाबायचा हात तोच.

जखम भरल्यावर त्यानं जुनी गिटार उलटी धरून पाहिली. आता उजव्यानं दाबायचं, डाव्यानं छेडायचं. पण उलटी धरली की आवाजाच्या कळा कोपराखाली येत आणि धक्का लागून आवाज मधेच बंद पडे. दुकानात डावखुऱ्यांची गिटार मिळाली, पण तिच्या कळा पाच बोटांच्या हातासाठी होत्या. "मग मीच करतो," तो म्हणाला. बायकोला वाटलं, चार दिवसांत विसरेल.

चार दिवसांनी ती घरी आली तर पलंगाची उशाकडची फळी गायब.

"अहो, फळी कुठंय?"

"अस्सल सागवान होतं गं."

"होतं म्हणजे?"

त्यानं बाल्कनीकडे मान वळवली. मी तिथे दोन तुकड्यांत पडले होते. तिनं कपाळावर हात मारून घेतला. पुढे कित्येक महिने तिची उशी पलंगामागे घसरायची आणि त्याचं खापर ती माझ्यावर फोडायची. चूक माझी नव्हती, पण मी तरी कुणाला सांगणार?

तीन बोटांनी लाकूड धरायचं आणि दुसऱ्या हातानं कानस चालवायची, हे बघणाऱ्यालाही दमवणारं काम. लाकूड निसटायचं. तो शिवी द्यायचा, थांबायचा, पुन्हा आवळायचा. माझ्या कळांची जागा त्यानं मोजपट्टीनं ठरवली नाही. मला मांडीवर घेतलं, करंगळी सहज जिथे टेकली तिथे पेन्सिलीनं खूण केली आणि तिथेच भोकं पाडली. जिच्यावर तारा दाबायच्या ती मान तेवढी दुकानातून तयार आणली.

राहिलं वायरिंग. बायकोचं कामच ते. विजेच्या मीटरच्या कारखान्यात ती आठ तास भिंगाखाली सोल्डरिंग करायची. पण ती मला हात लावेना.

"दिवसभर तेच करते हो. घरी तरी नको."

म्हणून तोच बसला. उजव्या हातात तापलेली सळई, डाव्या हाताच्या थोटकांमध्ये धरलेली वायर. वायर हलायची, सोल्डरचा डाग कच्चा बसायचा. वायर जोडली की माझ्यातून नुसतं घूंऽऽ. त्यानं सगळं उकललं, पुन्हा जोडलं. पाच वेळा. सारखं पोट फाडून घेणं मलाही नकोसं झालं होतं.

एका रविवारी दुपारी ती वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत आली. तो सळई खाली ठेवून नुसताच बसला होता. तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"हे कधी भाजलं?"

"कुठे?"

थोटकाच्या टोकाला दोन ताजे फोड होते. तिथली संवेदनाच गेलेली, त्याला पत्ता नव्हता.

तिनं कपडे तसेच माझ्या सुट्या भागांच्या खोक्यावर टाकले. "सरका," म्हणाली, आणि त्याच्या सगळ्या वायरी सटासट कापल्या.

"अर्थिंगची वायर तारांपर्यंत न्यायची असते. ती लावलीच नाहीत तुम्ही."

"राहिली असेल."

"पाच वेळा?"

त्याला हसू आलं. मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. तासाभरानं तिनं झाकण लावलं, वायर जोडली. घूं नाही, काही नाही. मी मेलेच, असं त्याला वाटलं असणार. तिनं नखानं एक तार छेडली. तो माझा पहिला स्वर.

इथून सुखाचे दिवस आले असते तर मी एवढी थकले नसते. उलट्या हातानं शिकणं म्हणजे पन्नाशीत पुन्हा बालवाडी. तो बेसूर वाजवायचा, चिडायचा, पुन्हा वाजवायचा. मग एकदा ऑर्केस्ट्रातला त्याचा ढोलकवाला मित्र आला. ऐकलं. "छान छान, चालू ठेव. तेवढाच विरंगुळा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. वाईट काहीच बोलला नव्हता तो. पण दार लागल्यावर यानं मला पुसलं, चादरीत गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

सहा वर्षं. वर धूळ, खाली माणसांचे आवाज. तेही हळूहळू कमी होत गेले.

मग तिचे डोळे गेले. पूर्ण नाही, कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टरांनी आता सुधारणार नाही म्हणून सांगितलं. कारखान्यानं निरोप दिला. ती दुपारभर खुर्चीत बसून राहायची आणि तो तिच्यासमोर बसून राहायचा.

"अहो, ती काढा ना खाली," एकदा ती म्हणाली.

"मला येत नाही गं आता."

"तेव्हा तरी कुठे येत होतं? मी ऐकत होतेच की."

त्यानं मला उतरवलं, वायर जोडली. मी मुकी. वायर खोचायच्या भोकापाशी एक डाग निखळला होता. दुकानात नेऊ म्हणाला, पण ती म्हणाली, "सळई तापवा." त्यानं सळई तापवली. तिनं वायर चाचपून जागेवर धरली; डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना ठाऊक होतं. "आता टेकवा. फुंकू नका. उचला." डाग थंड झाल्यावर तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"गोळा झालाय."

"परत करू?"

"राहू दे. पकडलंय घट्ट."

आता रोज दुपारी चारला ती खुर्ची जवळ ओढते आणि तो वाजवतो. तीन गाणी येतात, तीही अडखळत. माझा रंग उडालाय, कळा खरखरतात, पोटात तो ओबडधोबड गोळा आहे. कधीतरी मी कायमची बंद पडेन आणि कुणी हुशार कारागीर मला उघडून नाक मुरडेल. त्याला एवढंच सांगणं आहे: बाबा रे, बाकी सगळं बदल, तो एक डाग उकलू नकोस. मला आता थोडं पडू द्या. चार वाजत आलेत, ती खुर्ची सरकवतेय.